स्नोमोबाईलचे दिवे आणि विजेचा समतोल

वर्षातील चार-पाच महिने जमीन बर्फाखाली राहते असे विस्तीर्ण प्रदेश पृथ्वीवर आहेत. कॅनडा, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा उत्तर भाग, नॉर्वे, स्वीडन, फिनलंड ही त्यांची ठळक उदाहरणे होत. हिवाळ्यात तेथील रस्ते बुजून जातात, सरोवरे गोठून त्यांची मैदाने बनतात आणि चाकांची गाडी निरुपयोगी ठरते. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात वालकूर नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील यंत्रज्ञ जोसेफ-आर्मां बॉम्बार्डिए यांचा दोन वर्षांचा मुलगा १९३४ च्या जानेवारीत पोटाच्या विकाराने आजारी पडला. वाटा बर्फाने बंद असल्यामुळे त्यास रुग्णालयात नेता आले नाही आणि तो दगावला. बर्फावरून धावणारी गाडी बनविण्याचे बॉम्बार्डिए यांचे प्रयोग त्यापूर्वीच सुरू झाले होते; या आघातानंतरही त्यांनी ते नेटाने चालू ठेविले. १९३७ मध्ये दातेरी चाक व पट्टा यांच्या रचनेचे एकस्व त्यांना मिळाले, आणि १९५९ मध्ये एक-दोघांनी बसून चालवावयाची हलकी गाडी त्यांच्या कारखान्यातून बाजारात आली. मिनेसोटा राज्यातील रोझो या गावीही त्याच दशकात अशा गाड्या तयार होऊ लागल्या होत्या. या गाडीस स्नोमोबाईल म्हणतात. आपल्याकडे काश्मीरात ती स्नो-स्कूटर या नावाने ओळखली जाते.

स्नोमोबाईलच्या पुढील बाजूस दोन घसरपट्ट्या असतात व त्या हँडलने वळविता येतात. मागे रबराचा रुंद पट्टा असून इंजिनाच्या शक्तीने तो फिरतो व गाडीस पुढे ढकलतो. पुढे एक शुभ्र दिवा, मागे एक तांबडा दिवा आणि गतिरोधक दाबताच अधिक प्रखर होणारा इशारा, एवढी तिची दीपयोजना. ही दीपयोजना काढून टाकावी काय, असा प्रश्न अनेक गाडीमालकांच्या मनात येतो. प्रश्न साधा दिसतो. पण त्याच्या उत्तरात वीजनिर्मितीची तत्त्वे आणि माणसाच्या जीविताची काळजी ही दोन्ही गुंतलेली आहेत.

दिवे का काढले जातात?

कारणे मुख्यतः तीन आहेत. पहिले कारण शर्यतीचे. केवळ दिवसा व आखलेल्या मार्गावर धावणाऱ्या गाडीचे वजन जितके कमी तितके बरे, असे चालकास वाटते. दुसरे कारण दुरुस्तीचे. जुन्या गाडीची काच फुटते, दिव्याची खोबण मोडते, सुटा भाग मिळत नाही, आणि मालक कंटाळून सगळेच काढून टाकतो. तिसरे कारण बदलाचे. जुन्या तंतुदीपाच्या जागी नवा अर्धसंवाहक दिवा, म्हणजे एल. ई. डी., बसवावा अशी इच्छा असते व त्यासाठी मूळ दिवा काढावा लागतो.

पहिल्या कारणाचा हिशेब आधी करून टाकू. आजच्या गाडीचे वजन दोनशे किलोग्रॅमच्या आसपास असते. दिव्याचे वजन फार तर काही किलोग्रॅम भरेल. लाभ असलाच तर तो किरकोळ आहे. त्यासाठी कोणते मोल द्यावे लागते हे समजण्यास गाडीतील वीज कशी उत्पन्न होते ते पाहिले पाहिजे.

गाडीत वीज कोठून येते?

मोटारगाडीत बॅटरी हा विजेचा मोठा साठा असतो. याउलट अनेक स्नोमोबाईलींत, विशेषतः जुन्या व हलक्या गाड्यांत, बॅटरी मुळीच नसते. दोरी ओढून इंजिन सुरू करावयाचे आणि इंजिन फिरते तोवर त्यानेच वीज पुरवावयाची, अशी व्यवस्था असते.

इंजिनाच्या दंडावर एक जड चाक बसविलेले असते. त्यास प्रचक्र म्हणतात. या प्रचक्राच्या आतील कडेस कायम चुंबक जडविलेले असतात. त्याच्या पोटात, इंजिनास घट्ट बसविलेल्या एका तबकडीवर, तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. प्रचक्र फिरू लागले की चुंबकांचे उत्तर व दक्षिण ध्रुव आळीपाळीने वेटोळ्यांसमोरून जातात. चुंबकीय क्षेत्र क्षणोक्षणी पालटते आणि मायकेल फॅराडे यांनी १८३१ मध्ये शोधून काढलेल्या नियमानुसार वेटोळ्यात विद्युद्दाब उत्पन्न होतो. हा दाब सतत दिशा बदलणारा, म्हणजे प्रत्यावर्ती असतो. चुंबकांच्या सहा जोड्या असतील आणि इंजिन मिनिटास ६,००० फेरे घेत असेल, तर विजेची सेकंदास ६०० आवर्तने होतात.

यातील काही वेटोळी प्रज्वलनासाठी राखून ठेविलेली असतात; त्यांच्यामुळे इंजिनातील ठिणगी पडते. इतर वेटोळी दिव्यांसाठी व हँडलच्या मुठी ऊबदार ठेवणाऱ्या तापक तारांसाठी असतात. दोन्ही कामांची वेटोळी निराळी असल्यामुळे दिवे काढले तरी अशा गाडीचे इंजिन चालू राहते. येथेच पुष्कळांची फसगत होते. इंजिन चालले, तेव्हा काहीच बिघडले नाही, असे ते समजतात.

ध्यानात ठेवण्याची गोष्ट अशी की, हे चुंबक कायमचे आहेत. ते बंद करण्याची कळ नाही. दिवा असो वा नसो, इंजिन फिरत आहे तोवर वेटोळ्यात वीज उत्पन्न होतच राहणार. दिवा काढल्याने विजेचा ग्राहक जातो. विजेचा उत्पादक मात्र जागच्या जागी असतो.

एक दिवा गेला की दुसरा का जातो?

जुन्या गाड्या वापरणाऱ्यांचा एक अनुभव आहे. पुढचा दिवा जळून गेला आणि गाडी तशीच वेगाने चालविली, तर थोड्याच वेळात मागचा दिवाही जातो व त्याच्यामागून वेगदर्शकातील लहान दिवाही जातो. यात योगायोग मुळीच नाही. त्याचे कारण असे.

प्रचक्राची गती वाढली की वेटोळ्यातील विद्युद्दाब त्याच प्रमाणात वाढतो. पण आवर्तनांची संख्याही वाढते, आणि वेटोळ्याचा एक गुण असा आहे की आवर्तने जितकी जलद, तितका ते प्रवाहास अधिक विरोध करते. या दोन परिणामांची बरीचशी फिटंफाट होते. फल असे की, गती मध्यम असो वा तीव्र, वेटोळे दिव्यांना जवळजवळ ठराविकच प्रवाह देत राहते. जुन्या रचनाकारांनी या गुणाचा उपयोग करून घेतला. त्यांनी दिवे असे निवडले की, तो ठराविक प्रवाह त्यांच्यातून गेला म्हणजे दाब बरोबर १२ व्होल्टांच्या आसपास राहावा. वेगळा नियंत्रक त्यांना लागलाच नाही. दिवे स्वतःच नियंत्रक होते.

आता सोयीसाठी गोल आकडे घेऊ. पुढचा दिवा ६० वॉटचा व मागचा ६ वॉटचा आहे. १२ व्होल्टांवर पहिला ५ अँपिअर घेतो व दुसरा अर्धा अँपिअर. वेटोळे एकूण साडेपाच अँपिअर देत आहे. पुढचा दिवा काढला. वेटोळे तोच साडेपाच अँपिअर प्रवाह पुढे रेटू पाहते, परंतु वाट उरली ती फक्त मागच्या दिव्याची, अर्ध्या अँपिअरची. प्रत्यक्षात सगळा प्रवाह त्यातून जाऊ शकत नाही; वेटोळ्यात उत्पन्न होणाऱ्या दाबास त्या गतीपुरती एक मर्यादा असते. तथापि ती मर्यादा गाठेपर्यंत दिव्यावरील दाब १२ व्होल्टांच्या कितीतरी पुढे गेलेला असतो.

तंतुदीपास असा जादा दाब मुळीच सोसत नाही. त्याचे आयुष्य दाबाच्या सुमारे बाराव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते, असा स्थूल नियम आहे. म्हणजे दाब अवघा २० टक्क्यांनी वाढला, तरी आयुष्य सुमारे एक-नवमांश उरते. दाब दुप्पट झाला तर तंतू काही क्षणांतच वितळतो. पुढचा दिवा काढून मागचा ठेवणे सुरक्षित आहे, असे ज्यास वाटते तो अशा गाडीत मागच्या दिव्याचा घातच करीत असतो.

दाबनियंत्रकावरील भार

पुढे वेटोळी अधिक शक्तिमान झाली, तापक मुठी आल्या आणि दाब आवरण्यासाठी स्वतंत्र नियंत्रक बसविण्यात येऊ लागला. त्याचा एक सर्वपरिचित प्रकार समांतर नियंत्रकाचा आहे. दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे जाऊ लागताच त्यातील थायरिस्टर हा अर्धसंवाहक घटक खुला होतो आणि वेटोळ्याची वीज थेट गाडीच्या धातूच्या चौकटीत वळवितो. धरणाचे पाणी वाढले की सांडव्यावाटे ते सोडून द्यावे, तशीच ही योजना आहे.

या योजनेत एक गोष्ट वरवर उलटी वाटते. दिवे काढले म्हणजे नियंत्रकाचे काम हलके होईल, अशी कोणाचीही कल्पना होईल. पण समांतर नियंत्रकाचे काम वाढते. जो प्रवाह दिव्यातून जाऊन प्रकाश व उष्णता देत होता, तोही आता नियंत्रकातून वळवावा लागतो. थायरिस्टरमधून १० अँपिअर जात असतील आणि त्याच्या दोन टोकांत एक व्होल्टाचा फरक राहत असेल, तर १० वॉट उष्णता त्या मुठीएवढ्या पेटीत उत्पन्न होते. म्हणून नियंत्रक ॲल्युमिनियमच्या पत्र्यास घट्ट बसविलेला असतो. त्या पत्र्यातून उष्णता निघून जाते, आणि पुष्कळ गाड्यांत वीज परतण्याची वाटही त्याच पत्र्यातून असते. मधे रंगाचा थर आला, गंज चढला किंवा स्क्रू सैल झाला, तर सांडव्याचे दारच अडकते. मग दाब अनिर्बंध वाढतो आणि उरलेले दिवे, मुठींच्या तापक तारा व वेगदर्शक यांचा बळी जातो.

यावरून निघणारा नियम स्पष्ट आहे. दिव्यांबरोबर नियंत्रक कधीही काढू नये, आणि दिवे काढल्यानंतर नियंत्रकाची बैठक, त्याचा चौकटीशी स्पर्श व त्याचे तापमान पुन्हा तपासून पाहावे. इंजिन संथ व जलद अशा दोन्ही गतींवर असताना दाबमापकाने दाब मोजावा. तो उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेत राहत नसेल, तर गाडी बर्फावर नेऊ नये. काही नव्या गाड्यांत दुसऱ्या प्रकारचा नियंत्रक असतो. तो जादा वीज वळवीत नाही, तर मार्गच खंडित करतो. तेथे हा भार पडत नाही. आपल्या गाडीत कोणता प्रकार आहे हे तारांच्या आराखड्यावरून आधी जाणून घेतले पाहिजे.

इंधन फवारणारी इलेक्ट्रॉनिक योजना ज्या गाड्यांत आहे, त्यांच्याविषयी अधिक दक्षता हवी. तेथे इंधनाचा पंप व नियंत्रण करणारा लहान संगणक यांना लागणारी वीजही प्रचक्रातील वेटोळ्यांतूनच येते. दिव्याच्या तारांशी केलेली ढवळाढवळ अशा गाडीत इंजिनापर्यंत पोहोचू शकते.

तुटकी टोके व आगीचे भय

दिवा काढला की तारांची टोके मोकळी राहतात. त्यांच्यात अद्याप वीज आहे. स्नोमोबाईलचे अंग सतत थरथरत असते. बांधून न ठेविलेली तार पत्र्याच्या कडेवर घासत राहते आणि काही तासांत तिचे आवरण झिजून तांबे उघडे पडते. इंजिनाचा तप्त धूरनळ व पेट्रोलची टाकी तेथून फार दूर नसतात. गाडीत बॅटरी असेल तर धोका अधिक; कारण वेटोळे स्वभावतःच मर्यादित प्रवाह देते, पण बॅटरीतून क्षणात शेकडो अँपिअर वाहू शकतात आणि इंजिन बंद असतानाही तिचा दाब कायम असतो. तिच्या मार्गात वितळतार, म्हणजे फ्यूज, असलीच पाहिजे. वेटोळ्याच्या बाबतीत उलट अडचण आहे. प्रवाह मर्यादित असल्यामुळे फ्यूज न वितळताही तार दीर्घकाळ तापत राहू शकते. म्हणून केवळ फ्यूजवर विसंबून भागत नाही.

टोके कापण्याऐवजी मूळ जोडणीच सोडवावी. प्रत्येक टोक स्वतंत्रपणे, उष्णतेने आकसणाऱ्या नळीत बंद करावे व पाणी शिरणार नाही असे पाहावे. कापडी पट्टी ओलाव्याने सुटते. ती वापरू नये. दोन टोके एकत्र गुंडाळून ठेवू नयेत. प्रत्येक तारेवर खुणेची चिठ्ठी बांधावी, म्हणजे पुढे गाडी ज्याच्या हाती जाईल त्यास अडचण पडणार नाही.

सर्वांत गंभीर चूक मात्र निराळीच आहे. हँडलकडे जाणाऱ्या तारांच्या जुडग्यात दिव्यांच्या तारांशेजारी इंजिन बंद करणाऱ्या कळीची तारही असते. चालक खाली पडला तर इंजिन थांबावे म्हणून त्याच्या अंगरख्यास बांधावयाची जी दोरी असते, तिची तारही त्यातच असते. बॅटरी नसलेल्या अनेक यंत्रांत ही कळ प्रज्वलनाची वीज चौकटीत सोडून देते आणि त्यामुळे इंजिन थांबते. ही तार तुटली, तर कळ दाबूनही इंजिन थांबत नाही. दिव्याची समजून ही तार कापणारा मनुष्य आपल्या गाडीचा शेवटचा लगाम तोडीत असतो. काम झाल्यावर गाडीचा पट्टा जमिनीवरून उचलून, कोणीही मागेपुढे उभे नसताना, या दोन्ही योजना तपासल्यावाचून गाडी हलवू नये.

दिवा निघाल्यावर पुढे जे भोक उरते तेही बुजविले पाहिजे. त्यातून उडता बर्फ आत शिरतो, गती देणारा रबरी पट्टा ओला होऊन घसरू लागतो आणि हवेचा मार्गही कोंदतो.

नवा दिवा बसविताना

एल. ई. डी. दिवा थोड्या विजेत पुष्कळ प्रकाश देतो. तथापि त्यास एकाच दिशेने वाहणारा प्रवाह लागतो. प्रत्यावर्ती विजेवर तो थेट जोडला तर संथ गतीवर लुकलुकतो व कधी कधी बिघडतो. म्हणून मधे एकदिशकारक व दाब स्थिर राखणारे धारित्र यांची योजना करावी लागते. साठ वॉटच्या जागी वीस वॉटचा दिवा बसविल्यास उरलेल्या चाळीस वॉटची जबाबदारी नियंत्रकावर पडते, हेही विसरता कामा नये. आणखी एक बारकावा बर्फाळ प्रदेशातच कळतो. जुना दिवा काचेस तापवीत असे व त्यावर पडलेला बर्फ वितळत असे. नव्या दिव्याची काच थंड राहते. तिच्यावर बर्फ साचून प्रकाश झाकला जातो. चालकाने ती मधूनमधून पुसली पाहिजे.

अंधार आणि थांबण्याचे अंतर

आतापर्यंत यंत्राचा विचार झाला. आता माणसाचा करू. साठ अंशांच्या अक्षवृत्तावर डिसेंबरातील सर्वांत लहान दिवस जेमतेम सहा तासांचा असतो. दुपारी निघालेला मनुष्य परतताना अंधारात सापडणे हे तेथे नित्याचे आहे. आपण दिवसाच गाडी चालवू, हा निश्चय पट्टा तुटला किंवा वादळ आले की टिकत नाही.

मिनेसोटा राज्याच्या नियमानुसार पुढील दिव्याने १०० फुटांवरील, म्हणजे सुमारे ३० मीटरवरील, माणूस वा वस्तू दाखविली पाहिजे. मागील तांबडा दिवा अंधारात ५०० फुटांवरून, म्हणजे सुमारे १५० मीटरवरून, स्पष्ट दिसला पाहिजे. या आकड्यांचा अर्थ थोड्या गणिताने उमगतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदास जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. अडथळा दिसल्यापासून हात गतिरोधकावर दाबला जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तर तेवढ्यात २५ मीटर संपतात. नंतर घट्ट बर्फावर गाडीचा वेग दर सेकंदास ३ मीटर प्रति सेकंद या दराने कमी होतो असे मानले, तर थांबेपर्यंत आणखी ४६ मीटर लागतात. एकूण अंतर ७१ मीटर होते. ज्या दिव्यात केवळ ३० मीटर दिसते, त्या दिव्याने सुरक्षितपणे जावयाचे तर वेग ताशी सुमारे ३५ किलोमीटरच असला पाहिजे. दिवा असताना ही स्थिती. मग दिवाच नसेल तर कोणता वेग सुरक्षित म्हणावा?

मागच्या दिव्याचे महत्त्व याहूनही अधिक आहे, कारण तो दुसऱ्यासाठी असतो. स्नोमोबाईली बहुधा रांगेने जातात. पुढच्या गाडीच्या पट्ट्याने उडविलेल्या हिमकणांचा धुरळा मागे दाट पसरतो, आणि भर दिवसाही मागच्या चालकास त्यातून पुढची गाडी दिसत नाही. दिसतो तो केवळ तांबडा ठिपका. तो ठिपका नसेल व पुढचा अचानक थांबला, तर मागच्याने काय करावे? गोठलेल्या सरोवरावर चालणारा पादचारी, रस्ता ओलांडताना भेटणारा मोटारचालक, यांनाही त्या दिव्यांवाचून सूचना मिळण्याचे दुसरे साधन नसते. इंजिनाचा आवाज वाऱ्यात हरवतो.

आपल्या देशाचा संबंध

हा विषय आपणांस अगदीच परका नाही. गुलमर्गच्या उतारांवर पर्यटकांसाठी या गाड्या फिरतात. सियाचीन हिमनदीवर सैन्य त्यांचा उपयोग करते. अंटार्क्टिकावरील आपले मैत्री हे केंद्र १९८९ पासून व भारती हे केंद्र २०१२ पासून कार्य करीत आहे. या मोहिमांची व्यवस्था गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे आहे. मैत्री केंद्र दक्षिणेकडे ७० अंशांपलीकडे असून तेथे हिवाळ्यात सुमारे दोन महिने सूर्य क्षितिजावर येत नाही. अशा ठिकाणी यंत्र दुरुस्त करणाऱ्यास दिवा आणि वीज यांचा हा संबंध ठाऊक असणे, हा काही केवळ ज्ञानाचा विलास नव्हे.

उपसंहार

दिवे काढूच नयेत, असे विज्ञान सांगत नाही. केवळ दिवसा, बंदिस्त मार्गावर, नियमांस मान्य असेल तेथे धावणारी गाडी दिव्यांवाचून चालू शकते. पण तेथेही प्रथम तारांचा आराखडा पाहावा, नियंत्रक शाबूत ठेवावा, टोके बंदिस्त करावीत, दाब मोजावा आणि इंजिन बंद करणारी कळ पारखून घ्यावी. गाडी पुन्हा मोकळ्या वाटेवर जाणार असेल, तर त्याआधी दोन्ही दिवे परत बसवावेत. यंत्रातील कोणताही भाग एकटा नसतो. जो भाग आपणांस निरुपयोगी भासतो, तो दुसऱ्या एखाद्या भागाचा तोल सांभाळीत असतो. आणि मागच्या तांबड्या दिव्याच्या बाबतीत तर तो आपल्यामागून येणाऱ्या माणसाचा प्राण सांभाळीत असतो.